प्रोपेलरची पाती फोटोत वाकडी का येतात: घरच्या रिगवरच्या नोंदी

९ नोव्हेंबर

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. चालू प्रोपेलरचा मोबाईलने फोटो काढला की पाती विळ्यासारखी वाकतात, कधी एखादा तुकडा हबपासून (मधल्या गोल भागापासून) सुटून हवेत तरंगताना दिसतो. हे का होतं ते सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत, पण आपल्याच फोनचा आकडा कसा काढायचा आणि सरळ पात्यांचा फोटो हवाच असेल तर काय चालतं काय चालत नाही हे सलग कुठे सापडलं नाही. म्हणून घरीच रिग (प्रोपेलर फिरवायची मांडणी) बनवतोय आणि जसं होईल तसं लिहीत जाणार.

खरं विमान लागत नाही. पुण्यात तसंही लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथे फोटो काढायला मनाई. पण मुद्दा तो नाही, मुद्दा हा की वाकणं पात्याच्या लांबीवर ठरतच नाही. फोनचा सेन्सर फोटो एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो (यालाच रोलिंग शटर म्हणतात). फोटो वाचून होईपर्यंत पातं किती अंश फिरलं आणि प्रोपेलरने फ्रेमचा किती भाग व्यापला, एवढ्यावर ठरतं. सेसना १७२ या छोट्या विमानात प्रोपेलर इंजिनाला थेट जोडलेला असतो, जास्तीत जास्त २७०० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), उडताना २४०० च्या आसपास. आपण १० इंची प्लास्टिकचा प्रोपेलर २४०० ला फिरवला आणि फ्रेममध्ये तेवढाच मोठा घेतला तर पात्याचा वाक तोच येणार.

१५ नोव्हेंबर

सामान बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या भागात एका फेरीत मिळालं. २२१२ साईजची १००० केव्ही (इथे केव्ही म्हणजे एका व्होल्टला किती आरपीएम) ब्रशलेस मोटर ४२० रुपये, ३० अँपचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) ३८०, सर्वो टेस्टर (थ्रॉटल म्हणजे वेग कमीजास्त करायची कळ) १४०, प्रोपेलरची जोडी ९० ला. लिपो बॅटरी मुद्दाम घेतली नाही, व्होल्टेज उतरत जातं तसा आरपीएम पण उतरतो आणि मग दोन फोटोंची तुलना करता येत नाही. त्याऐवजी एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो १२ व्होल्टचा सप्लाय घेतला, ५५० रुपये. एवढ्या कमी थ्रॉटलला करंट फारसा लागत नाही, त्यामुळे तो आरामात पुरतो.

मोटर आधी प्लायवर दोन स्क्रूने बसवली होती. हजार आरपीएमच्या पुढे सगळा प्लाय टेबलावर सरकायला लागला. चार स्क्रू, खाली रबराची चकती आणि १६० रुपयांचा सी-क्लॅम्प, मग हललं नाही. पाती एकसारखी जड नव्हती, हलक्या पात्याच्या पाठीमागे सेलोटेपचा छोटा तुकडा लावून बॅलन्स केलं, थरथर लगेच कमी झाली.

करून बघणाऱ्यांनी एक गोष्ट पाळा. प्रोपेलरच्या रेषेत, म्हणजे त्याच्या बाजूला कधीच उभं राहायचं नाही, पातं तुटलं तर त्याच दिशेला जातं. समोरून फोटो काढताना मध्ये पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक पत्रा ठेवा, काच नको. मुलं घरात असतील तर सप्लायची पिन काढून स्वतःच्या खिशात.

१६ नोव्हेंबर

आजचा सगळा दिवस आरपीएम मोजण्यात गेला. एरोमॉडेलिंगवाल्या मित्राकडून साधा ऑप्टिकल टॅकोमीटर आणला, पात्यांमधून येणारा उजेड कमीजास्त होतो तो मोजणारा. दोन पाती सेट केली आणि आकडा ३००० वर चिकटला. थ्रॉटल वाढवा, कमी करा, ३००० च. प्रोपेलर पूर्ण थांबवला तरी ३०००. तो बिचारा खोलीतली ट्यूबलाईट मोजत होता. आपली वीज ५० हर्ट्झची, उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, दोन पात्यांनी भागलं की ५० फेऱ्या, म्हणजे मिनिटाला बरोबर ३०००. गॅलरीत उन्हात नेल्यावर व्यवस्थित चालला.

आवाजावरून पण करून पाहिलं. २४०० ला सेकंदाला ४० फेऱ्या, दोन पाती, म्हणून ८० हर्ट्झ यायला हवा. तो येतो पण फोनच्या माइकमध्ये अगदी फिका, त्याच्यापेक्षा मोटरची शीळ मोठी. या मोटरमध्ये १४ चुंबकं असतात म्हणजे एका फेरीला ७ आवर्तनं, तेव्हा आवाजाच्या आलेखात २८० हर्ट्झची टोकदार रेघ दिसली तर तीच आपली ४० फेऱ्यांची खूण. चालण्यासारखं आहे, पण शेवटी ७५० रुपयांचा लेझरवाला टॅकोमीटर घेतला, पात्याच्या पाठीला चमकती पट्टी लावायची आणि काम झालं. सुरुवातीलाच तो घ्या, दिवस वाचेल.

२२ नोव्हेंबर

पहिले फोटो. मागे काळं कापड, नारिंगी प्रोपेलर, दुपारचं ऊन, २४०० आरपीएम. एका पात्याला टोकाजवळ पांढरी टेप लावली, दोन पाती वेगळी ओळखू यावीत म्हणून.

फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने काही उपयोग झाला नाही. फोटो विचित्र येतात, कुठे अर्धं पातं गायब, कुठे भुतासारखी फिकट सावली. हल्लीचे फोन एका क्लिकला अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतात आणि हलणारी गोष्ट दिसली की कुठली फ्रेम ठेवायची ते स्वतःच ठरवतात. त्यामुळे समोर दिसतं त्यात शटरचा भाग किती आणि सॉफ्टवेअरचा किती हे सांगताच येत नाही. ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप टाकलं, एचडीआर (फ्रेम एकत्र करणं) बंद, रॉ (प्रक्रिया न केलेला फोटो) चालू, शटर आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) हाताने. मग मात्र प्रत्येक फोटो एकसारखा वागायला लागला.

२३ नोव्हेंबर

ही नोंद सगळ्यात महत्त्वाची आहे, बाकी काही वाचलं नाही तरी चालेल.

ज्याला विचारावं तो सांगतो की पातं वाकडं येतंय तर शटर स्पीड वाढव. म्हणून आज एकाच जागेवरून, ट्रायपॉड न हलवता, फक्त शटर बदलत गेलो. १/६० ला पात्याच्या जागी नुसती नारिंगी चकती, कारण तेवढ्या वेळात पातं २४० अंश फिरून जातं. १/१००० ला पाती दिसायला लागली, कडा पुसट, १४ अंशांचा पसारा. १/८००० ला कडा सुरीसारख्या, दोन अंशसुद्धा पसारा नाही, टेपचा कोपरा मोजता यावा इतका स्पष्ट. आणि वाक? १/१००० ला जेवढा तेवढाच १/८००० ला. दोन्ही फोटो एकावर एक ठेवले, मधली रेघ तंतोतंत जुळते.

शटर स्पीड म्हणजे सेन्सरच्या एका ओळीने किती वेळ उजेड घेतला. वाक ठरतो पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यात किती वेळ गेला त्याच्यावर, आणि तो वेळ त्या सेन्सरचा ठरलेला असतो, शटर कितीही करा. पहिला आकडा पुसटपणाचा, दुसरा वाकण्याचा, आणि स्क्रीनवर फक्त पहिलाच दिसतो. उलट शटर वाढवल्याने वाक जास्त नजरेत भरतो कारण आधी तो पुसटपणात लपलेला होता. भर उन्हात काढलेल्या फोटोंत पाती इतकी विचित्र दिसतात ती यामुळेच, बहुतेक फोनचं ॲपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र) बदलत नाही म्हणून ऊन असलं की फोन गुपचूप १/४००० च्या पुढे जातो.

ज्यांना नुसता छान दिसणारा फोटो हवाय त्यांनी उलटं करा, फोनसमोर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) धरा, शटर १/६० किंवा १/१०० ला आणा, प्रोपेलरची गोल धूसर चकती येते आणि डोळ्याला तीच खरी वाटते.

२९ नोव्हेंबर

आता तो दुसरा, न दिसणारा आकडा काढायचा. कुठल्याही फोनच्या माहितीपत्रकात तो नसतो, पण मोजणं सोपं आहे. आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाची स्वस्तातली कॉपी, ४५० रुपये, टोन फंक्शनने ५०० हर्ट्झ, पिनवर २२० ओहमचा रेझिस्टर आणि एक पांढरा एलईडी. एलईडी लेन्सच्या अगदी जवळ धरायचा, मध्ये बटर पेपरचा तुकडा, म्हणजे सगळी फ्रेम सारखी उजळते. शटर १/४०००, आयएसओ लागेल तेवढा. फोटोत आडवे काळे पांढरे पट्टे येतात. एलईडी एकदा चालू बंद व्हायला २ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे एक काळी पांढरी जोडी म्हणजे २ मिलिसेकंद. माझ्या फोनवर वरपासून खालपर्यंत ११ जोड्या, म्हणजे २२ मिलिसेकंद.

सुरुवातीला पट्टे दिसतच नव्हते कारण शटर १/२५० वर होता. प्रत्येक ओळ तेवढ्यात दोन अख्खी चालू बंद आवर्तनं गोळा करते आणि सगळं सारखंच राखाडी होतं. शटर एलईडीच्या एका आवर्तनाच्या निम्म्यापेक्षा बराच कमी पाहिजे.

४के व्हिडिओत ८ च्या आसपास जोड्या आल्या, ते बरोबरच आहे, १६:९ ला वरखालच्या ओळी कापल्या जातात त्यामुळे वाचायला कमी ओळी उरतात.

६ डिसेंबर

हिशोब जुळतोय का ते पाहिलं. प्रोपेलर फ्रेमच्या उंचीच्या नऊ दशांश भागात, म्हणजे त्याच्यावरून वाचन सरकायला साधारण २० मिलिसेकंद. सेकंदाला ४० फेऱ्या, तेवढ्यात पाऊण फेरीपेक्षा थोडं जास्त, ०.८ फेरी. दोन पाती, म्हणून १.६ पाती.

आता प्रोपेलरच्या एका बाजूला पाती वाचनाच्या विरुद्ध जातात आणि दुसऱ्या बाजूला त्याच दिशेने. माझा प्रोपेलर समोरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो (सेसनाचाही समोरून तसाच), वाचन वरून खाली, त्यामुळे उजवीकडची पाती वर येताना वाचनाला समोरासमोर भेटतात. सरासरी उजवीकडे १ अधिक १.६ म्हणजे २.६ पाती दिसायला हवीत, डावीकडे १ उणे १.६, उणे ०.६. उणेचा अर्थ असा की तिथे वाचन पात्याला गाठत नाही, पातंच मागून येऊन वाचनाला ओलांडून पुढे जातं. तोच तो हवेत तरंगणारा तुकडा.

फोटोत उजवीकडे कधी दोन कधी तीन पाती, डावीकडे कधी एक तुकडा कधी काहीच नाही, क्लिक कुठल्या क्षणी झालं त्यावर. तीन पाती आलेला एक फोटो मोठा करून बघितला तेव्हा वरच्या पात्यावर पांढरी टेप, मधलं साधं, खालच्यावर परत पांढरी टेप. एकच पातं एकाच फोटोत दोनदा. शिवाय खालच्या पात्यावरची टेप वरच्यापेक्षा वेगळ्या तिरकेपणाने आलेली, ओळ न् ओळ सरकत गेलेली स्वच्छ दिसते. इतके दिवस गणितात जे मानत होतो ते असं टेपच्या तुकड्यात बघायला मिळालं, फार आनंद झाला.

फोन आडवाच पण उलटा धरला, जास्त पाती डावीकडे गेली. उभा धरला तर ती वर किंवा खाली जातात कारण मग वाचन आडवं सरकतं.

१३ डिसेंबर

खर्च न करता वाक कमी करायचे उपाय. दोन खरंच चालले.

पहिला, लांब जा. वाचनाला सगळी फ्रेम ओलांडायला २२ मिलिसेकंद लागतात, पण प्रोपेलर फ्रेमच्या एक पंचमांश उंचीत बसवला तर त्याच्यावरून जायला साडेचारच. ०.८ फेरीचा वाक ०.१८ फेरीवर येतो, साधारण ६३ अंश, सुटे तुकडे गायब होतात आणि दोनाची दोनच पाती दिसतात. एक दशांशात घेतला तर ३२ अंश. नंतर क्रॉप करायचं. बारकावे जातात, पण जवळ जाऊन झूम करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. डिजिटल झूमचा उपयोग नाही, तो नुसता क्रॉपच असतो.

दुसरा, स्लोमोशन. खरोखर सेकंदाला २४० फ्रेम घ्यायच्या तर एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांच्या आत वाचून संपवावीच लागते, दुसरा मार्गच नाही. एलईडी २००० हर्ट्झवर नेऊन मोजलं, ७ जोड्या, साडेतीन मिलिसेकंद. त्यातली एक फ्रेम उचलली की वाक जवळजवळ सहापट कमी. रिझोल्यूशन १०८० पी च मिळतं, आणि ९६० फ्रेमवाला मोड वापरू नका, माझ्या फोनमध्ये तो मधल्या फ्रेम स्वतः रचतो आणि पात्यांचा चिखल होतो.

टेलिफोटो कॅमेऱ्याने काही फरक पडला नाही.

२० डिसेंबर

मित्राचा साधा डीएसएलआर. याच्यात पडद्याचं शटर आहे, दोन पडदे सेन्सरवरून सरकतात आणि १/१००० ला मधली फट एवढीशी असते, म्हणजे हेसुद्धा ओळीओळीनेच, फक्त पडदा बराच वेगात. एलईडीने मोजलं तर याचेही साडेतीन मिलिसेकंदच निघाले. मजा अशी की वाक उलट्या बाजूला! पडदा वरून खाली पडतो पण लेन्स सेन्सरवर चित्र उलटं पाडते, त्यामुळे दृश्याचा खालचा भाग आधी टिपला जातो.

रोलिंग शटर हा मोबाईलचा किंवा डिजिटलचाच रोग आहे असं कोणी म्हटलं तर त्याला १९१० च्या दशकातला ज्याक आंरी लार्तीग या फ्रेंच फोटोग्राफरचा फ्रेंच ग्रां प्री शर्यतीतला मोटारीचा फोटो दाखवा, चाकं लंबगोल आणि पुढे झुकलेली. तेव्हाचा पडदा हळू होता एवढंच.

२७ डिसेंबर

शून्य वाक. सेन्सरच्या सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपल्या तरच हे होणार. सोनीने २०२३ मध्ये ए९ थ्री आणला, फुल फ्रेममध्ये (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत) असं ग्लोबल शटर असलेला पहिला, पण त्याच्या किमतीत सेकंडहँड गाडी येते. स्वस्त रस्ता जुन्या कॅमेऱ्यांमध्ये आहे. २००६ चा निकॉन डी४०, ६ मेगापिक्सेल, सीसीडी नावाच्या जुन्या प्रकारचा सेन्सर. याच्यात यांत्रिक शटर आहे पण वेगवान शटरला उजेड घेणं सुरू आणि बंद करायचं काम सीसीडी स्वतः करतो, सगळ्या पिक्सेलचं एकदम. फ्लॅश १/५०० पर्यंत चालतो तो त्यामुळेच.

लेन्ससकट ६५०० ला मिळाला. त्याच जागेवरून, फ्रेम भरून, १/४०००. दोन पाती, दोन्ही सरळ. एक्सपोजरमुळे साडेतीन अंशांचा पुसटपणा तेवढा आहे, वाक शून्य.

अडचण एकच, उन्हात. हबवरच्या चकचकीत नटवर ऊन पडलं की तिथून फोटोभर उभी पांढरी रेघ जाते, सीसीडीत जास्तीचा उजेड शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडतो. नटवर काळा मार्कर फिरवला, रेघ गेली. खऱ्या विमानाच्या चकचकीत स्पिनरला (हबवरच्या टोपीला) मार्कर लावता येणार नाही, तिथे सूर्य पाठीशी न घेता थोडा बाजूला घेऊन उभं राहावं.

३ जानेवारी

वाकलेला फोटो सॉफ्टवेअरने सरळ करून बघतोय. कल्पना साधी आहे, प्रत्येक ओळ कधी वाचली ते माहीत आहे, तेवढ्या वेळात प्रोपेलर किती फिरला ते माहीत आहे, मग त्या ओळीतले पिक्सेल हबभोवती तेवढे अंश उलटे फिरवायचे. प्रोग्रॅम पायथनमध्ये, फोटोंवर काम करणारी ओपनसीव्ही लायब्ररी वापरून.

पहिल्यांदा तयार फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलसाठी मूळ पिक्सेल शोधायला गेलो, ते अडकलं, कारण एकाच जागेचे मूळ पिक्सेल दोन तीन निघतात, एकच पातं तीनदा टिपलंय ना. मग उलट केलं, मूळ फोटोतला प्रत्येक पिक्सेल उचलून नव्या जागी टाकायचा, आधी फोटो चौपट मोठा करून, म्हणजे भोकं राहत नाहीत, आणि एकाच जागी दोन पिक्सेल आले तर जास्त उजळ तो ठेवायचा. मागचं कापड काळं असल्यामुळे हे जमतं. मागे आकाश किंवा इमारत असेल तर ती पण फिरते, त्यामुळे आधी पाती कापून वेगळी करावी लागतात.

आणि मग उजवीकडची तिन्ही पाती आणि डावीकडचा सुटा तुकडा गोळा होऊन दोनच सरळ पाती झाली, टेपवर टेप! हबचं केंद्र दहा पिक्सेलने जरी चुकलं तरी पाती दुहेरी होतात, तिथे वेळ द्या.

यातून एक जास्तीची गोष्ट हाती लागते. फिरवायचा कोन कमीजास्त करत गेलं तर पाती फक्त एकाच आकड्याला सरळ आणि एकावर एक येतात. तो आकडा म्हणजे आरपीएम गुणिले वाचनाचा वेळ. एक माहीत असेल तर दुसरा मिळाला.

१० जानेवारी

ते खऱ्या विमानावर लावून बघितलं. भाच्याकडे एटीआर ७२ या प्रोपेलरवाल्या प्रवासी विमानाच्या खिडकीतून वर गेल्यावर काढलेला फोटो होता, साध्या मोडमधला, पण नशिबाने पाती अख्खी आलेली. सहा पाती, प्रोपेलरचा पूर्ण वेग १२०० आरपीएम, क्रूझला (वर पोचून सरळ उडताना) ८२ टक्के म्हणजे ९८४, सेकंदाला १६.४ फेऱ्या.

थेट लावल्यावर काहीच जुळलं नाही, कारण खिडकीतून प्रोपेलर तिरका दिसतो, गोल नसून लंबगोल. टोकांवरून लंबगोल बसवला, फोटो आडवा ताणून त्याचा गोल केला आणि मग फिरवलं. हे ताणणं आडवं असल्यामुळे ओळींचा वेळ बिघडत नाही, फोन आडवा धरला होता म्हणून. फोन उभा असता तर वाचन त्याच ताणलेल्या दिशेने झालं असतं, तेव्हा ओळींचा वेळ आधी मूळ फोटोवरून घेऊन ठेवायचा. पंखाकडचा भाग झाकलेला आहे, तिथलं पातं सोडून दिलं.

पाती ६० अंशांच्या अंतरावर आली तेव्हा कोन निघाला अख्ख्या फ्रेमला ०.३ फेरी. ०.३ भागिले १६.४, म्हणजे भाच्याच्या फोनचा वाचनाचा वेळ १८ मिलिसेकंद. संध्याकाळी त्याचा फोन घेऊन एलईडीसमोर धरला आणि पट्टे मोजले, ९ जोड्या.

पायथनचा कोड नीट करून टाकतो. तोवर कोणाकडे आडव्या धरलेल्या फोनने काढलेला, पाती न कापलेला प्रोपेलरचा फोटो असेल तर त्याच्यासोबत त्याच फोनचा ५०० हर्ट्झचा पट्ट्यांचा फोटो पण काढून ठेवा, दोन्ही असतील तरच आरपीएम काढता येतो.